लिहिण्याची मजुरी

खाण्यापिण्याबद्दल लिहून पैसे मिळवायचे असं मी ठरवलं, तेव्हा खुटबावात बसून हे जमणार नाही असं पुष्कळांनी सांगितलं. जमलं, पण फार उशिरा. उशीर झाला तो गावामुळे नाही, माझ्या चुकांमुळे. काही चुका अज्ञानाच्या होत्या, काही भिडेच्या. एक मात्र अशी आहे की तिला यातलं कुठलंच नाव देता येत नाही. नव्याने लिहू लागलेल्या मुली फोन करून ‘ताई, काम कसं मिळतं’ असं विचारतात. त्यांना मिळालेल्या कामांबद्दल तेवढं सांगायचं आणि बाकीचं गिळून टाकायचं हे मला पटत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

खुटबाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे, येवत आणि केडगाव या स्टेशनांच्या मधे. कॅनॉलचं पाणी, त्यावरचा ऊस, अधूनमधून कांदा आणि गहू, आणि जवळपास बारा महिने कुठल्या ना कुठल्या गुऱ्हाळाचा धूर. माझं माहेर शिरूर तालुक्यात पाबळच्या बाजूला, कोरडवाहू पट्ट्यातलं. तिकडे बाजरी, मटकी, हुलगा. पावसाने ओढ दिली की हुलग्याचं माडगं आणि शेंगोळ्या यांवर दिवस काढलेली माणसं मी पाहिली आहेत. लग्न होऊन भीमेच्या या अंगाला आले आणि ताटच बदललं. इथे गूळ डब्यात नसतो, घमेल्यात असतो. पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात आणि लहान पोरं काकवीत भाकरी कुस्करून खातात. एका नदीच्या दोन बाजूंना पोट भरायच्या दोन तऱ्हा, आणि दोन्ही मला घरच्यासारख्या माहीत. लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

मी मात्र लिहिलं ओट्सच्या अप्प्यांवर. मग पालक घातलेल्या पास्त्यावर, मग ‘मुलांच्या डब्यासाठी दहा झटपट पदार्थ’. पुरवण्या वाचून मी असा समज करून घेतला होता की पुण्यातल्या वाचकाला हेच हवं असतं, आणि गावाकडची बाई म्हणून आपण मागे पडायला नको. ते पदार्थ आमच्या घरी कधी होत नसत. एकदा करून, फोटो काढून, लेख पाठवून द्यायचा. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तो पास्ता बघून एवढंच म्हणाल्या, “ह्ये तू खातीस का?” मी खात नव्हते. जे आपण खात नाही त्याच्या चवीबद्दल दोन वाक्यं लिहायची म्हटलं तरी ती कुठूनतरी उचलावी लागतात, आणि माझी वाक्यं तशीच होती. तसं लिहिणारे पुण्या-मुंबईत शेकड्यांनी होते. त्यांच्या घराजवळ दुकानं होती, चांगले कॅमेरे होते, ओळखी होत्या. संपादकाने खुटबावची बाई का निवडावी, याचं एकही कारण मी त्याला देत नव्हते.

घरापासून थोड्या अंतरावर गुऱ्हाळ चालू होतं. मी तिथे बऱ्याच वेळा गेले होते, पण लिहिण्यासाठी म्हणून कधी गेले नव्हते. ऊस चरकातून निघतो, रस काहिलीत पडतो, खाली चुलाणात वाळलेली चिपाडं घालणारा माणूस सारखा जाळ राखत असतो. रस तापू लागला की रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात. मळी वर येते, ती काढत राहायची. पुढे सगळा खेळ गुळव्याच्या नजरेचा. रस १०५ अंशांच्या आसपास असताना उतरवला तर काकवी, आणि ११८च्या जवळ नेला तर ढेप पडेल असा गूळ. गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि ‘उतरवा’ म्हणतो. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ काळपट आणि करपट होतो, आणि एका काहिलीमागे पुष्कळ ऊस गेलेला असतो. टनभर उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो. आमच्याकडची कितीतरी गुऱ्हाळं उत्तर प्रदेशातून आलेली माणसं भाड्याने घेऊन चालवतात. त्यांच्या बायका शेडमागे चुलीवर रोट्या करतात, आणि त्यांची गुळाची खीर आमच्यापेक्षा वेगळी असते. एवढं सगळं दाराशी असताना मी दुकानातून महागाचं चीज आणत होते. ही माझी पहिली चूक, आणि तिच्यात माझी बरीच वर्षं गेली.

दुसरी चूक पाठवण्याच्या पद्धतीत होती. मी लेख पूर्ण लिहायचे आणि वर एक ओळ टाकायचे, ‘योग्य वाटल्यास प्रसिद्ध करावा’. तो लेख एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी जायचा. म्हटलं, कुणीतरी छापेल. एका आठवड्यात दोन पुरवण्यांनी तोच लेख छापला. एका उपसंपादक बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, “ताई, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं.” त्यानंतर त्यांनी माझं काही घेतलं नाही. त्यांचं बरोबर होतं. घ्यायचं की नाही हे सांगायला त्यांना ठरावीक दिवस द्यायचे, नकार आला किंवा मुदत संपली की मगच दुसरीकडे जायचं, ही साधी रीत मला ठाऊक नव्हती आणि मी कुणाला विचारलीही नव्हती.

पूर्ण लेख पाठवण्यातही तोटा असतो हे फार नंतर कळलं. कामात बुडालेला संपादक अनोळखी माणसाचे बाराशे शब्द वाचत नाही. त्याला एक परिच्छेद हवा असतो: विषय काय, आत्ताच का, तो तुम्हीच का लिहायचा, कुणाशी बोलणार, फोटो कोण काढणार, किती शब्द, केव्हा देणार. शिवाय लेख आधीच लिहून झाला असेल तर मोबदल्याचं बोलणं अवघड होतं, कारण कष्ट होऊन गेलेले असतात आणि ते आपण न विचारता केलेले असतात.

विषय म्हणजे काय हेही मला कळत नव्हतं, आणि ते येवतच्या वारीने शिकवलं. तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्यात लोणी काळभोरहून येवतला मुक्कामाला येते आणि तिथे वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण असतं. काळभैरवनाथाच्या देवळाशी मोठमोठ्या कढयांत पिठलं हाटतात. भाकऱ्या येवतच्या आणि भोवतालच्या वस्त्यांमधल्या घरांतून येतात. आमच्या घरातूनही गेल्या आहेत, मी स्वतः थापल्या आहेत. हे लिहायला हवं असं मला सुचलं ते पालखी वरवंडला पोचल्यावर. लेख लिहून पाठवेपर्यंत पालखी बारामतीच्या पुढे गेलेली. उत्तर आलं, ‘पुढच्या वर्षी आधी कळवा.’ पुढच्या वर्षी मी वैशाखातच कळवलं, ‘वारीतलं अन्न या विषयावर लिहू इच्छिते.’ नकार आला. तेव्हा वाईट वाटलं. आज वाटतं, मी असते तरी नकारच दिला असता. ‘वारीतलं अन्न’ हा नुसता मथळा आहे. एवढ्या भाकऱ्यांचा हिशोब गावात कोण ठेवतं, पीठ कुणाकडून येतं, पिठलं दाटून गोळा होऊ नये म्हणून ते कुठल्या क्रमाने हाटतात, पाऊस लागला तर जळणाचं काय करतात, ज्या घरात त्या दिवशी सुतक असेल त्या घराचा वाटा कोण उचलतं, हे विषय आहेत. तिसऱ्या खेपेला यातला एकच धागा धरून चार ओळी पाठवल्या आणि तो लेख लागला.

वेळेची चूक दिवाळी अंकांच्या बाबतीतही केली. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकांसाठी ही मोठी पेठ आहे. फराळावरचा लेख मी गणपती उठल्यावर पाठवायचे. तोवर अंक छपाईला निघालेले असतात. विषय उन्हाळ्यातच बोलून ठेवायला हवा, म्हणजे पाऊस पडेपर्यंत लिहायला बसता येतं. संक्रांतीचा तीळगूळ दिवाळीच्या आसपास सुचवायचा. खाण्यावर लिहिणाऱ्याला स्वयंपाकघराच्या पुढे दोन ऋतू राहावं लागतं. ऋतू पाळूनच स्वयंपाक करणाऱ्या घरात राहून मला हे उमगलं नव्हतं.

आता पैशांचं. मला पहिला मोबदला पुणे आकाशवाणीने दिला. महिलांच्या कार्यक्रमात भाषण होतं. त्याआधी कराराचा कागद आला आणि त्यावर दिवस, वेळ, मिनिटं आणि रक्कम स्पष्ट लिहिलेली होती. सही करताना मला कोण अभिमान वाटला होता! पण कामाआधी कागद हवा, कागदावर आकडा हवा, एवढा एक धडा त्यातून घ्यायचा तो घेतला नाही. आकाशवाणी सरकारी आहे, म्हणून तिथे तसं असेल, असं वाटलं.

त्यानंतर एका पुरवणीत मी दर आठवड्याला लिहू लागले. पुरवणीचं नाव सांगत नाही, कारण दोष बहुतेक माझाच होता. वर्षभराहून अधिक काळ लिहिलं. नाव छापून येत होतं, फोटो येत होता, केडगावच्या बाजारात बायका ओळखत होत्या. पैसे आले नाहीत आणि मी विचारले नाहीत. घरी कुणी विचारलं तर ‘सुरुवातीला देत नाहीत’ असं सांगायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. शेवटी मुलीच्या फीची नड आली तेव्हा धीर करून फोन केला. तिकडून आश्चर्याने उत्तर आलं, “ताई, सदराला मानधन आहे की. तुमचं बिल कधी आलंच नाही. पॅन आणि बँकेची माहितीही नाही आमच्याकडे.” मी बिल म्हणजे काय, कसं करायचं, हेच जाणत नव्हते. मागचे सगळे पैसे मिळाले नाहीत, कारण त्या आर्थिक वर्षाचे हिशोब बंद झाले होते. थोडे मिळाले. त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण मी एका वाक्यात विचारलं असतं तर हे घडलंच नसतं.

का विचारलं नाही, याचा पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे स्वयंपाकाचे पैसे मागण्याची सवयच नसते. लग्नाकार्यात शेजारच्या बायका पोळ्या लाटायला येतात, कुणी मजुरी काढत नाही, आणि ती चांगलीच रीत आहे, कारण उद्या आपणही त्यांच्याकडे जातो. वृत्तपत्र माझ्याकडे पोळ्या लाटायला येणार नव्हतं. तरी मी तीच भीड तिकडे नेली. मजकूर स्वयंपाकाचा आहे, म्हणून तोही देण्याघेण्यातला, असं धरून चालले. पिकावर किंवा राजकारणावर लिहिलं असतं तर कदाचित विचारलं असतं.

पैसे येऊ लागल्यावर नवे घोटाळे केले. एकदा ठरल्यापेक्षा दहा टक्के कमी आले. मी तावातावाने फोन केला आणि फसवणूक हा शब्द वापरला. हिशोबातल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की हा टीडीएस आहे, तुमच्या पॅनवर जमा झाला आहे, विवरणपत्र भरा, तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर परत मिळेल. त्यांची मी माफी मागितली. पॅन दिला नसता तर कपात वीस टक्क्यांची झाली असती, हेही त्यांनीच सांगितलं.

हक्कांबद्दल तर मी पूर्ण आंधळी होते. एका मसाले बनवणाऱ्यासाठी मी पाककृती लिहून दिल्या, एकदाच पैसे घेतले, कागद काही केला नाही. पुढे त्याच पाककृती पाकिटांवर आल्या, मग एका पुस्तिकेत, माझ्या नावाशिवाय. नंतर कायदा वाचला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून लिहिणाऱ्याच्या मजकुराचा पहिला मालक तो लिहिणाराच असतो. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात आणि कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशापुरते, हे त्यात हवं. काळ लिहिलेला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. नुसत्या साहित्याच्या यादीवर कुणाची मालकी सांगता येत नाही, पण कृती ज्या शब्दांत मांडली ते शब्द आपले असतात. हे माहीत असतं तर मी भांडले असते असं नाही, मात्र आधी विचारलं नक्की असतं. आता कामाआधी चार ओळींची ईमेल पाठवते: काम, शब्द, रक्कम, पैसे कधी, एकदा छापायचे हक्क, नाव. समोरच्याने ‘ठीक आहे’ लिहिलं तरी पुरे. सरकारच्या उद्यम पोर्टलवर फुकट नोंदणीही केली आहे. नोंदणी असेल तर २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पुढे व्याज चढतं. तक्रार करायची वेळ माझ्यावर आलेली नाही. बिलाखाली नोंदणी क्रमांक असला की उत्तर लवकर येतं, एवढा अनुभव आहे.

याहून जड वाटतात त्या मजकुरातल्या चुका. गुळाच्या खिरीची कृती मी लिहिली, ‘दूध आटलं की किसलेला गूळ घालून उकळी काढावी.’ पुरवणीत आली आणि वाचकांचे फोन सुरू झाले. दूध फाटलं. एका बाईंनी पाहुण्यांसाठी केली होती. आमच्या घरी ती खीर आत्या करतात आणि त्या गूळ उकळत्या दुधात कधीच टाकत नाहीत. भांडं खाली उतरवून, थोडं निवल्यावर गूळ घालतात. मी बघत होते, खात होते, पण लिहिताना जे डोळ्यांपुढे होतं ते न लिहिता सोयीचं वाक्य लिहिलं. गूळ किंचित आंबट गुणाचा असतो, जुना झाला की जास्तच, आणि तापलेल्या दुधाला तेवढं पुरतं. आत्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आगं, मला इचारायचं तरी.” लिहिलेली कृती लिहिल्याबरहुकूम, दुसऱ्या घरातला गूळ आणि दुसरी वाटी घेऊन करून पाहिल्याशिवाय पाठवायची नाही, हे त्या दिवसापासून पाळते. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७०मध्ये आलं आणि आजही नव्याने संसार मांडणाऱ्या मुली ते घेतात. त्यातल्या मापांवर विश्वास ठेवता येतो, हे त्यामागचं मोठं कारण आहे. माप चुकवणं म्हणजे अनोळखी घरातलं दूध, तूप आणि श्रम वाया घालवणं.

त्याहून वाईट चूक अशी. ‘गुळाचे दहा फायदे’ अशा एका लेखात मी लिहिलं की साखर वर्ज्य असलेल्या मधुमेहींना गूळ चालतो. कुठेतरी वाचलं होतं, ऐकलं होतं, आणि आमच्या भागातल्या मालाची स्तुती करायला हात शिवशिवत होते. गावातल्या एका आजोबांना साखरेचा त्रास. सुनेने कात्रण दाखवलं आणि ते रोज चहात गूळ घालू लागले. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा माझं नाव पुढे आलं. गुळातही बहुतांश भाग साखरेचाच असतो, साधारण ६५ ते ८५ टक्के. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरींच्या जवळपास ऊर्जा असते आणि गुळात ३८०च्या आसपास. थोडी खनिजं असतात म्हणून मधुमेह त्याला ओळखत नाही असं होत नाही. मी त्यांच्या घरी जाऊन चूक सांगितली. पुरवणीत दुरुस्ती छापा म्हणून मागे लागले, जागा मिळेना, शेवटी माझ्याच पुढच्या लेखाच्या सुरुवातीला ती लिहिली. आजोबा बरे आहेत. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही.

त्याच सुमारास एका गूळविक्रेत्याचं काम घेतलं. पैसे चांगले होते. मी त्यांच्या गुळाला ‘शुद्ध, रसायनमुक्त’ म्हणत लेखासारखा लेख लिहिला आणि पैसे घेतल्याचं त्यात कुठे लिहिलं नाही. तपासलंही काही नव्हतं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस नावाची पावडर घालतात, तिच्यामुळे राहणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला दहा लाख भागांत ७० भागांची मर्यादा आहे, आणि हे नुसतं बघून कळत नाही, प्रयोगशाळेत कळतं, हे सगळं मी पुढे शिकले. ऊस महाग आणि साखर स्वस्त झाली की काही ठिकाणी रसात साखरच ओततात, हे तर गुऱ्हाळावर कुणीही दबक्या आवाजात सांगतो. त्या विक्रेत्याचा गूळ कसा होता हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना मी शब्द दिला होता. जाहिरातीचं काम मी आजही करते, पण ते जाहिरात म्हणून, वर तसं लिहून, आणि न तपासलेलं विशेषण न वापरता. त्यामुळे दोन कामं गेली आहेत.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसले.

पहिल्यांदा घसघशीत मानधन मिळालं ते शेंगोळ्यांच्या लेखाला. माहेरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या आक्कांकडे मी अख्खी दुपार बसले होते. हुलग्याचं पीठ कसं दळायचं, लसूण-जिरं किती, पिठाला ज्वारीचा हात का लावायचा, शेंगोळ्या वळताना तळव्याला तेल लावायचं की पाणी, रस्सा दाट व्हावा म्हणून शेवटची शेंगोळी कुस्करून सोडायची, हे त्यांनी करून दाखवलं. दुष्काळात सासूने हुलगा मोजून दिल्याची गोष्ट सांगितली. चूल त्यांची, पीठ त्यांचं, जेवलेही तिथेच. लेखात मी लिहिलं, ‘आमच्याकडे शेंगोळ्या अशा करतात.’ आक्कांचं नाव नाही, त्या आहेत याचीही खूण नाही. त्यांची गोष्ट ‘जुन्या पिढीतल्या बायका सांगतात’ अशी सुरू केली.

अंक घेऊन मी कौतुकाने त्यांच्याकडे गेले. नातीने मोठ्याने वाचून दाखवला. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “ह्याचं पैसं किती दिलं गं?”

दोन हजार आले होते. मी पाचशे सांगितले.

का सांगितले? त्या पैसे मागतील म्हणून नाही, त्या मागणाऱ्यातल्या नव्हत्या. आकडा ऐकून त्यांना कळेल की त्यांच्या एका दुपारची एवढी किंमत होती आणि ती मला मिळाली, याची मला लाज वाटली. “चांगलं झालं,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

तोवर मी प्रत्येक संपादकाकडे, प्रत्येक ओळखीच्या लेखकाकडे गाऱ्हाणं घातलं होतं की आमच्या लिहिण्याला मोल नाही, नाव छापून भागवतात. आक्कांना तर मी नावही दिलं नव्हतं. सदर लिहिताना मला जसं गृहीत धरलं गेलं, तसंच मी त्यांना धरलं होतं, आणि माझ्याजवळ तर हिशोब बंद झाल्याची सबबही नव्हती.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५मध्ये आलं. मी ते उशिरा वाचलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यांनी नावानिशी, साहित्यानिशी लिहिलं, आणि पूर्णब्रह्म म्हणवणाऱ्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत ते अन्न का नव्हतं हा प्रश्न उभा केला. वाचताना माझे जुने लेख डोळ्यांपुढे येत होते. हुलगा मी पानावर आणला म्हणून मला शाबासकी मिळाली होती. तो पिकवणारी, दळणारी, मोजून पुरवणारी बाई मी पानाबाहेर ठेवली होती. मजकूर लोकांच्या चुलीजवळून घ्यायचा आणि सही आपली करायची, हे अन्नावर लिहिणाऱ्यांकडून फार सहज होतं, कारण बायका सांगताना काही हातचं राखत नाहीत.

आक्कांना खरा आकडा सांगायला पुढे बरेच महिने गेले. सांगितला तेव्हा त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. “मला वाटलंच व्हतं,” म्हणाल्या. पैसे दिले ते घेईनात. नातीच्या वह्यांसाठी म्हणून घेतले. तो लेख पुढे एका संग्रहात आला तेव्हा त्यांचं नाव विचारून, त्यांना हवं तसं, माहेरच्या आडनावासकट घातलं.

आता कुणाकडे बसायचं असेल तर आधी सांगते: मी याचे पैसे घेणार आहे, तुमचं नाव घालू का, आणि तुमचा अर्धा दिवस जाणार त्याचा रोज देईन. खुरपणीचा जो रोज गावात चालू असेल तो. काही जणी नको म्हणतात, काही रागावतात, काही घेतात. गुऱ्हाळाच्या शेडमागे रोट्या करणाऱ्या मुझफ्फरनगरकडच्या एकीने आधी नवऱ्याला विचारलं, मग म्हणाली की पैसे दे, नाव नको. तिच्या रसातल्या खिरीवर लिहिते आहे. तांदूळ पाण्याऐवजी उसाच्या रसातच शिजवतात, आणि दूध वेगळं, जेवताना, गार घेतात. ते फाटत नाही.

त्या खिरीच्या लेखाच्या प्रस्तावात मी खर्चाखाली दोन ओळी लिहिल्या: प्रवास, आणि माहिती देणाऱ्या बाईंचा रोज. संपादकांनी पहिली मान्य केली. दुसरीसाठी आमच्याकडे तशी तरतूद नाही असं कळवलं. रोज मी माझ्या मानधनातून दिला आहे. पुढच्या प्रस्तावातही ती ओळ राहील.